तांबं जोडलेली अ‍ॅस्पिरिन: औषध की नुसती निळी भुकटी?

(ऑनलाइन चर्चा; ‘मोरचूद’, ‘सक्करदरा’ आणि ‘वर्धा_रोड’ ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

मोरचूद: नागपूरच्या इतवारी बाजारात संधिवातावर म्हणून तांब्याची कडी विकतात, ती बाजूला ठेवू. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ७० रुग्णांना अशा कड्यांचा फायदा दिसला नाही. मी बोलतोय ते तांबं आणि औषध जोडून केलेल्या संयुगांबद्दल. सोरेन्सन यांनी १९७६ साली मांडलं होतं की दाहशामक (सूज-दाह कमी करणारं) औषध तांब्याशी जोडलं की ते मूळ औषधापेक्षा जास्त गुणकारी ठरतं आणि जठरालाही कमी त्रास देतं. आपल्या नागपूरच्या फार्मसी कॉलेजांनी एम. फार्मला हा विषय पुन्हा घ्यावा.

तांबं जोडलेली अ‍ॅस्पिरिन बनवायची कृती साधी आहे. ३.६ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि १.६८ ग्रॅम खाण्याचा सोडा थंड पाण्यात ढवळा. फेस थांबला की गाळा आणि त्यात २.५ ग्रॅम मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण थेंबथेंब सोडा. निळा साका बसतो, जास्तीत जास्त ४.२ ग्रॅम. सोड्याऐवजी कॉस्टिक सोडा घ्याल तर अ‍ॅस्पिरिनचा अ‍ॅसिटिल गट तुटून नुसतं सॅलिसिलेट हाती येईल. खाण्याचा सोडा जास्त झाला तर तांब्याचं हिरवट बेसिक कार्बोनेट मिसळतं. मे महिन्यात इथे टाकीचं पाणीच गरम असतं, म्हणून भांडं बर्फात ठेवा.

सक्करदरा: निळं दिसलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही. ०.५ ग्रॅम क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या मुशीत) जाळा, ९४ मिलिग्रॅम काळं कॉपर ऑक्साइड उरायला हवं. आकडा कमी आला आणि कडेला लाल झाक दिसली, तर काही तांबं धातू झालंय. दोन थेंब नायट्रिक आम्ल टाकून पुन्हा तापवा.

माझा खरा आक्षेप मात्र पोटाचा आहे. जठरात पीएच दीड-दोन असतो, अ‍ॅस्पिरिनचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) साडेतीन. तांबं धरून ठेवणाऱ्या कार्बोक्सिलेट गटाला प्रोटॉन मिळाला की तांबं सुटलंच. मग गिळलं काय? अ‍ॅस्पिरिन आणि मोकळं तांबं. ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनमागे ५३ मिलिग्रॅम तांबं जातं. प्रौढासाठी वरची मर्यादा दिवसाला १० मिलिग्रॅम धरतात. मोरचूद पूर्वी उलटी करवायला देत, हे विसरू नका.

मोरचूद: अ‍ॅस्पिरिनपुरतं मान्य, जी. पण हा दोष तांब्याचा नाही, अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या डोसचा आहे. इंडोमेथासिन हे दुसरं दाहशामक घ्या. २५ मिलिग्रॅममागे तांबं फक्त २.२ मिलिग्रॅम, तीन वेळा दिलं तरी ७ च्या आत. ऑस्ट्रेलियात हे संयुग कुत्र्या-घोड्यांसाठी प्रत्यक्ष वापरात आलं. जेवढं औषध जहाल, तेवढं तांबं कमी लागतं. निवड तिथून सुरू करा.

वर्धा_रोड: हिशोब बरोबर आहे, पण पुरावा कच्चा. उंदराच्या पंज्यात सूज आणणाऱ्या कॅराजीननचं १ टक्का द्रावण ०.१ मिली टोचून सूज मोजतात आणि तांब्याचं संयुग पोटात टोचतात. तांबं तिथे जळजळ करतं, आणि एका जागी जळजळ झाली की दुसरीकडची सूज तशीही उतरते! त्याला दाहशामक गुण कसं म्हणायचं? संयुग सीएमसीमध्ये (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज या घट्ट करणाऱ्या पदार्थात) कालवत असाल तर त्यातले कार्बोक्सिलेट गटही तांबं धरतात, मग तुम्ही नेमकं काय दिलं हेच कळत नाही.

सुपरऑक्साइड डिसम्युटेजसारखी (ऑक्सिजनचं घातक रूप निकामी करणाऱ्या शरीरातल्या विकरासारखी) क्रिया दाखवणारे तक्तेही तसेच. परीक्षानळीत झकास; सीरम अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घाला, ते तांबं ओढून घेतं आणि बहुतेक संयुगांची क्रिया ढासळते. आणि पेनिसिलामाइनचं काय? ते शरीरातून तांबं काढतं, तरीही संधिवातात दिलं जात होतं.

मोरचूद: पेनिसिलामाइन फक्त तांबंच काढत नाही, थायोल (गंधक-हायड्रोजन गट असलेलं संयुग) म्हणूनही काम करतं, एवढ्यावरून तांबं बाद होत नाही. पोटात टोचण्याबद्दल मात्र पूर्ण मान्य. तोंडावाटे द्या, आणि उंदरांचे चार गट ठेवा: नुसतं इंडोमेथासिन, नुसतं कॉपर अ‍ॅसिटेट, दोघांचं साधं मिश्रण, आणि संयुग. सगळीकडे औषधाचे आणि तांब्याचे मोल सारखे.

सक्करदरा: मिश्रणाचा गट बहुतेक प्रबंधांत गाळतात, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. संयुग आणि मिश्रण सारखंच वागलं तर संयुग बनवायचं कशाला? शिवाय चार तासांनी जठर उघडून व्रण मोजा. जठराला कमी त्रास हाच दावा आहे, तर मोजमापही तिथलंच हवं.