अक्षर नको, बटणाची जागा धरा
फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यू-ए-एस-डी ही हालचालीची बटणं विस्कटतात, ही अडचण एसडीएल २ (गेम बनवायची कोड-लायब्ररी) वरच्या गेममध्ये नेहमीची. बटण दाबल्यावर गेमला जी नोंद मिळते, त्या इव्हेंटमधून 'सिम' वाचताय की 'स्कॅनकोड', ते आधी बघा. सिम म्हणजे चालू लेआउटमधलं (कीबोर्डवरच्या अक्षरांच्या मांडणीतलं) अक्षर, स्कॅनकोड म्हणजे बटणाची जागा. फ्रेंचमध्ये डब्ल्यूच्या जागी झेड येतो आणि एच्या जागी क्यू, म्हणून हालचालीसाठी स्कॅनकोडच घ्या. इन्व्हेंटरीच्या (जवळच्या वस्तूंच्या यादीच्या) 'आय'सारख्या अक्षरावरून लक्षात राहणाऱ्या बटणांना मात्र सिमच बरा.

आणि कृपा करून बटणं थेट कोडमध्ये कोंबू नका, कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगच्या वेगळ्या फाइलमध्ये) ठेवा, म्हणजे खेळणाऱ्याला ती बदलता येतील. एका हाताने खेळणाऱ्यांचं त्यावाचून फार अडतं. हो, बटण दाबून धरल्यावर उडी पुन्हा पुन्हा लागत असेल, तर ज्यांत 'रिपीट' हा आकडा शून्य नाही असे कीडाउन (बटण दाबल्याचे इव्हेंट) सोडून द्या.