ट्रॅकवर न्यायच्या ऑक्टेव्हिया व्हीआरएससाठी इंजिन ऑइल: ५डब्ल्यू-४० ठेवावे की ५डब्ल्यू-५० वर जावे?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१७ ची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस २३० आहे. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. ब्रेक पॅड आणि टायर सोडले, तर गाडीत काहीही बदललेले नाही. वर्षातून दोनदा मी ती कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर घेऊन जातो आणि उरलेले दिवस ती कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरापासून शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपपर्यंत जाते आणि परत येते. पुढच्या खेपेआधी ऑइल बदलायचे आहे आणि ते कोणते घ्यावे यावर माझे मत काही केल्या स्थिर होत नाही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सध्या गाडीत ५डब्ल्यू-४० ग्रेडचे, फोक्सवॅगनची ५०२ ०० ही मान्यता असलेले पूर्ण सिंथेटिक ऑइल आहे. मागच्या खेपेला पहिल्या तीन फेऱ्यांत ऑइलचे तापमान ११० अंशांच्या आत होते. करीचा ट्रॅक अवघा २.१ किलोमीटरचा आणि वळणावळणांचा आहे, त्यामुळे इंजिनाला दम घ्यायला उसंत मिळत नाही. सहाव्या फेरीला आकडा १३१ वर गेला, तेव्हा मी पाय काढून घेतला, दोन फेऱ्या सावकाश मारल्या आणि गाडी पिटमध्ये घेतली. ऑइलच्या दाबाचा दिवा लागला नाही, आवाजातही फरक जाणवला नाही. तरीही परतीच्या साऱ्या प्रवासात माझे लक्ष त्या आकड्यावरच होते.

तिथे भेटलेल्या दोघा अनुभवी चालकांनी मला ५डब्ल्यू-५० वापरायला सांगितले. उद्यमनगरातले आमचे मेस्त्रीही तेच म्हणतात, कारण त्यांच्या मते तापल्यावर ऑइल पातळ होते आणि जाड ऑइल टाकले की बेअरिंग वाचते. त्यांचे म्हणणे मला एकदम खोडून काढता येत नाही. माझ्या वर्कशॉपमधल्या प्रेसला आम्ही ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल वापरतो आणि उन्हाळ्यात ४६ नंबरचे ऑइल टाकले की सील गळू लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र हायड्रॉलिक ऑइलचा तो नंबर ४० अंशांवर मोजलेला असतो आणि इंजिन ऑइलच्या डब्यावरचा दुसरा आकडा १०० अंशांवर, त्यामुळे प्रेसचा अनुभव इंजिनाला लावताना मला धीर होत नाही.

माझे वाचन थोडक्यात असे आहे. ५डब्ल्यू मधला पहिला आकडा थंडीत इंजिन सुरू होण्यासंबंधीचा असून त्याची चाचणी उणे ३० अंशांवर होते, त्यामुळे कोल्हापुरात त्यावर डोके चालवण्यात अर्थ नाही. १०० अंशांवर ४० ग्रेडच्या ऑइलची चिकटता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या पट्ट्यात आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ या पट्ट्यात असते. पण बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर प्रचंड वेगाने घासला जात असतो आणि तिथले तापमान चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागातल्या) तापमानापेक्षा बरेच जास्त असते, म्हणून १५० अंशांवर, घर्षणाच्या ताणाखाली मोजलेला चिकटतेचा एचटीएचएस हा आकडा अधिक महत्त्वाचा मानतात. त्यात ५डब्ल्यू-४० साठी किमान ३.५ आणि ५० ग्रेडसाठी किमान ३.७ लागतो, म्हणजे किमान मर्यादा पाहिल्या तर फरक अगदीच थोडा दिसतो. मग ५० वर जाण्याने खरोखर काय हाती लागते?

आणखी एक शंका अशी की, या इंजिनाचा ऑइल पंप दोन टप्प्यांत दाब बदलणारा आहे आणि कॅमशाफ्टची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते. जाड ऑइलाने तिथे काही बिघडेल का? रेसिंगसाठीचे एस्टरयुक्त ऑइल घेण्याचाही विचार मनात आला होता, परंतु त्यावर मान्यतेचा क्रमांक दिसला नाही आणि गाडी वर्षभर रस्त्यावर चालते, म्हणून तो विचार मी सोडून दिला.

उपयोग होईल म्हणून माहिती देतो: इंजिनात ५.७ लिटर ऑइल बसते, मागचे ऑइल बदलून ११ महिने आणि सुमारे ४,००० किलोमीटर झाले आहेत. इंजिन ऑइल अजिबात खात नाही. ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी एवढ्या महिन्यांत तसूभरही खाली आलेली नाही, उलट किंचित वरच दिसते.

कळावे.

प्रतिसाद १

दादा, मी इचलकरंजीचा. नोकरीची बरीच वर्षे वंगणतेलांच्या तपासणीत गेली, म्हणून लिहितो. तुम्ही शेवटी, जवळजवळ समाधानाने, जे वाक्य लिहिले आहे ते मला सगळ्यात काळजीचे वाटते. ऑइल बदलल्यापासून ४,००० किलोमीटर चाललेल्या टर्बो इंजिनात पातळी वर सरकत असेल, तर त्यात काहीतरी मिसळते आहे, आणि तुमच्या वापरात ते बहुधा पेट्रोल असावे. हे इंजिन सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारते. थंड इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडले जाते, त्यातले काही पेट्रोल भिंतींवरून खाली चेंबरमध्ये उतरते, आणि राजारामपुरी ते उद्यमनगर एवढ्या अंतरात ऑइल कधीच पुरते तापत नाही, त्यामुळे ते उडूनही जात नाही. अशाने काही टक्के पेट्रोल साठले, तर डब्यावर ४० लिहिलेले ऑइल प्रत्यक्षात ३० च्या पट्ट्यात उतरू शकते. म्हणजे कोइमतूरला तुमच्या गाडीत ४० ग्रेडचे ऑइल होते की नाही, हाच खरा प्रश्न आहे. (कूलंट गळत नाही ना, तेही एकदा पाहून घ्या. पट्टीवर किंवा झाकणाच्या आत दुधाळ रंग दिसला, तर आधी त्याचा बंदोबस्त करा.)

५डब्ल्यू-५० विषयी तुमची शंका रास्त आहे. दोन आकड्यांतले अंतर जितके मोठे, तितके ते राखण्यासाठी पॉलिमर (तापल्यावर ऑइल पातळ होऊ न देणारे द्रव्य) जास्त घालावे लागते आणि घर्षणाखाली तेच आधी तुटते. शिवाय जाड ऑइल स्वतः घासले जाऊन उष्णता वाढवते आणि थंडपणी उशिरा पोहोचते. मेस्त्रींचे म्हणणे जुन्या, झिजलेल्या इंजिनाला लागू पडेल. तुमच्या इंजिनात ५०२ ०० मान्यतेचे ५डब्ल्यू-४० च ठेवा, पण ते ट्रॅकला निघण्याच्या आठवड्यात नवे भरा आणि परत आल्यावर पुन्हा बदला. ५०४ ०० मान्यतेच्या ५डब्ल्यू-३० चाही एचटीएचएस ३.५ च्या वरच असतो, तरी ट्रॅकसाठी मी ४० च निवडीन. पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली असू द्या. खुणेच्या वर गेली, तर क्रँक ती घुसळून फेस करतो आणि मग कोणत्याही ग्रेडचे ऑइल थर धरत नाही. ताज्या ऑइलातही सहाव्या फेरीला १३० चा आकडा दिसला, तर पैसे ऑइल कूलरवर खर्च करा.

आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणा.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. आज सकाळी थंड इंजिनावर पट्टी काढून पाहिली. वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर वर ऑइल होते आणि नाकाशी धरल्यावर पेट्रोलचा वास स्पष्ट आला. बोटांत चोळले तर साबणाच्या पाण्यासारखे निसटत होते. अकरा महिने मी ही पातळी बघत होतो आणि ऑइल खात नाही म्हणून खूश होतो, याचे फार वाईट वाटते. कूलंटची पातळी ठीक आहे, दुधाळपणा कुठे नाही. काढलेले ऑइल तपासणीला पाठवायचे ठरवले आहे. नमुना कसा घ्यावा, एवढे सांगाल का?

प्रतिसाद १

पन्हाळ्याची फेरी नमुना घेतल्यानंतर करा, आधी नको, नाहीतर जे पेट्रोल मोजायचे आहे तेच उडून जाईल. रोजच्यासारखे वर्कशॉपपर्यंत चालवा, ड्रेन बोल्ट काढा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरा आणि झाकण लगेच घट्ट लावा. प्रयोगशाळेला १०० अंशांवरची चिकटता, पेट्रोलचे प्रमाण आणि लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम व सिलिकॉनचे आकडे मागा. त्याच डब्यातले न वापरलेले ऑइल थोडे शिल्लक असेल, तर तेही दुसऱ्या बाटलीत पाठवा, म्हणजे मूळ चिकटता किती होती हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.