अनुभव धागा : घरी बनवलेली व्यायामाची साधनं (मापं, सामान आणि काय फसतं)

ओळंबा

हार्डवेअरचं दुकान, भंगारवाला आणि पंक्चरवाला या तिघांकडच्या सामानातून व्यायामाची साधनं बनवणाऱ्यांसाठी हा धागा. मापं लिहा, दुकानात मागताना वापरता तीच नावं लिहा, आणि कुठे तुटतं, का तुटतं हे तर लिहाच. पाण्याच्या बाटल्या उचलायचा सल्ला नको, तो सगळ्यांना पाठ आहे.

सुरुवात माझ्याकडून, काँक्रीटच्या प्लेटांनी. साचा म्हणजे प्लास्टिकचा उथळ टब. प्लेट किती किलोची होईल हे आधीच काढता येतं : हव्या त्या जाडीपर्यंत टबात पाणी भरा, ते लिटरमध्ये मोजा आणि २.३ ने गुणा. साडेचार लिटर म्हणजे साधारण १० किलो. प्रमाण १ सिमेंट, २ वाळू, ३ बारीक खडी (१० मिमी). १० किलोच्या प्लेटला दीड किलोच्या आसपास सिमेंट आणि जेमतेम पाऊण लिटर पाणी लागतं. माल घट्ट वाटतो म्हणून हात सैल सोडून पाणी ओतलं की पुढे केसासारख्या चिरा पडतात आणि कडा भुगा होऊन झडतात. निम्मा माल टाकल्यावर कोंबडीजाळीची गोल चकती ठेवा, मग उरलेला टाका. टबाला बाहेरून लाकडाने ठोकत राहा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मधल्या भोकासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करा आणि तो आतच राहू द्या, बुशचं, म्हणजे भोकाच्या अस्तराचं काम करतो.

२४ तासांनी साचा काढायचा, ७ दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं. जमिनीवर आपटायची प्लेट असेल तर २८ दिवस हात लावू नका. जोडीच्या दोन्ही प्लेटा एकाच घाण्यातून ओता आणि ओतण्यापूर्वी माल काट्यावर तोला. नंतर जुळवाजुळव करणं म्हणजे छिन्नी घेऊन बसणं.

पाना_पक्कड

वरच्या पोस्टला पुरवणी : प्लेट ओतायच्या आधी बार ठरवा, नाहीतर भोक मोठं आणि बार बारीक, प्लेट लटलटते. बुशचा पाइप दुकानातच बारवर घालून बघा.

बारसाठी लोक १ इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घेतात. १ इंच हे साधारण आतल्या भोकाचं माप, बाहेरचा व्यास ३३.७ मिमी, त्यामुळे मूठ पूर्ण मिटत नाही. बी क्लासचा (मध्यम जाडीचा) ६ फुटी तुकडा साधारण ४.४ किलो भरतो. एकूण ५० किलोपर्यंत तो चालवून घ्यावा. त्यापुढे मधोमध बाक येतो आणि आलेला बाक जात नाही. भरीव हवा असेल तर २८ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी दांडा), ईएन ८ हे जास्त मजबूत पोलाद मिळालं तर उत्तम, साधा एमएस (माइल्ड स्टील) लवकर वाकतो. वजनाचा हिशोब बांधकामाच्या साइटवरचाच : मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. २८ मिमीला ४.८४, म्हणजे ७ फुटी बार १०.३ किलोचा.

टीएमटी (बांधकामाची) सळई वापरू नका. तिच्या रिब्ज, म्हणजे अंगावरच्या उभार रेघा, आठवड्यात तळहात सोलतात, आणि वर टेप गुंडाळला तर तो घामाने सरकतो.

प्लेट अडवायला आतल्या बाजूला ट्यूबची पट्टी गुंडाळून वर जुबली क्लिप (स्क्रूने आवळायचा पत्र्याचा पट्टा). ही क्लिप हलक्या वजनालाच. २० किलोच्या वर प्रत्येक बाजूला शाफ्ट कॉलर (बारवर बसणारं लोखंडी कडं) आणि ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) लावा, ऍलन कीने आवळा.

तालीमवाला

गदा. डोक्याचा साचा म्हणजे प्लास्टिकचा बॉल. १८ सेंमी व्यासाच्या बॉलमध्ये तीन लिटर माल बसतो, म्हणजे ७ किलो. पाच नंबरी फुटबॉलच्या मापाचा, साधारण २२ सेंमीचा बॉल घेतला तर पावणेतेरा किलोच्या आसपास. शिकणाऱ्याने फुटबॉलच्या वाटेला जाऊच नये. गदेत वजनापेक्षा ते हातापासून किती लांब आहे हे जास्त छळतं. ७ किलोला ४ फुटी दांडा भरपूर झाला.

सर्वांत जास्त फसणारी गोष्ट : लाकडी दांडा ओल्या काँक्रीटमध्ये रोवणं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, महिन्याभरात सुकून आकसतं आणि डोकं खुळखुळायला लागतं. फिरवताना ते सुटलं तर कुठे जाईल याची कल्पना करा. म्हणून बॉलच्या आरपार पाइपचा बुश सोडायचा, काँक्रीट पूर्ण सुकल्यावर दांडा वरून खाली घालायचा (कुऱ्हाडीसारखा नव्हे, कुदळीसारखा : दांड्याचं वरचं टोक जाड, मुठीकडचं बारीक) आणि वरून बाभळीची पाचर ठोकायची. असं केलं की डोकं जितकं बाहेर ओढलं जाईल तितकं जास्त आवळतं. बांबू घ्यायचा तर भरीवच. सिंधुदुर्गातला माणगा चांगला. पोकळ बांबू डोक्याच्या खाली वीतभर अंतरावर उभा चिरतो.

मुठीला वार्निश नको, घसरतं. नुसतं जवसाचं तेल पुसा.

साइटवरचा

पुल-अप बारबद्दल लिहितो, कारण इथे पडझड होते ती माणसाची होते.

आधी भिंत ओळखा. हातोडीने टिचकी मारा, बारीक बिट घालून भुसा पाहा. लाल भुसा म्हणजे वीट, राखाडी आणि कडक म्हणजे आरसीसी, पांढुरका आणि लोण्यासारखं बिट आत गेलं तर एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा), ज्याला बरेच मिस्त्री सायपोरेक्स म्हणतात. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुतेक अशाच. या ब्लॉकमध्ये साधा अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुलून पकडणारा बोल्ट) फुलतो, ब्लॉक चुरतो आणि चार दिवसांत सगळं हातात येतं. तिथे एकतर आरपार बोल्ट आणि मागच्या बाजूला ६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी, नाहीतर सरळ बीम किंवा स्लॅब शोधा.

आरसीसीत १२ मिमीचे फास्टनर, प्रत्येक ब्रॅकेटला चार. प्लास्टरची जाडी धरू नका, ती पकड देत नाही. भोकातला भुसा फुंकून काढा. तो राहिला तर फास्टनर आवळल्यासारखा वाटतो आणि भार आला की सरकतो. ड्रिल सळईला लागलं तर सळई कापत बसू नका, ब्रॅकेट सरकवा. भार मोजताना शरीराच्या वजनाची तिप्पट धरा. झटका मारून वर जाणारा माणूस काट्यावर उभ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त भार देतो.

अंगणात करायचा असेल तर २ इंची जीआयचे दोन खांब, ३ मीटरच्या खांबातला पाऊण मीटर जमिनीत, भोवती १:२:४ काँक्रीट. आडवा बार १ इंची, सी क्लास (जाड भिंतीचा). चुडीचे (आटे पाडून पिरगळायचे) सांधे टाळा. चुडी पाडताना पाइपची भिंत तिथेच पातळ होते, मोडतो तोही तिथेच. शिवाय लटकताना बार फिरून सैल होतो. वेल्डिंग केलंत तर सांध्याजवळचं जस्त आधी ग्राइंडरने काढा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि जस्तावर वेल्डही सच्छिद्र बसतं.

निळा_पाइप

पुश-अपचे स्टँड (पॅरलेट). दीड इंची यूपीव्हीसी, प्लंबिंगचा जाड पाइप. ड्रेनेजचा पातळ नको. जोडीसाठी ४ एल्बो (काटकोनी जोड), ४ टी (तीन तोंडी जोड), ८ एंड कॅप (टोकाची झाकणं). तुकडे : ४० सेंमीचे २, १२ सेंमीचे ४, १० सेंमीचे ८. एकूण २०८ सेंमी, १० फुटी नळीत आरामात.

सोल्व्हंट (पाइप चिकटवायचा गोंद) काही सेकंदांत धरतं. त्यामुळे आधी सगळं कोरडं जोडा, सपाट फरशीवर ठेवा, प्रत्येक सांध्यावर मार्करने आडवी रेघ मारा. सोल्व्हंट लावल्यावर रेघेला रेघ जुळवा. हे टाळलं की एक पाय हवेत राहतो आणि मग कापून टाकण्याशिवाय इलाज नाही. वजन २४ तासांनी द्या.

पंक्चर_टायर

सायकलची जुनी ट्यूब रबर बँडचं काम करते. व्हॉल्व्हचा भाग दोन्हीकडून बोटभर सोडून कापा, फाटायची सुरुवात तिथूनच होते. पॅच असलेली घेऊ नका. ताणून उजेडात धरा, बारीक आडव्या चिरा दिसल्या तर फेका. उन्हात ठेवली तर एका उन्हाळ्यात संपते. शंखजिरं चोळून कपाटात ठेवा. दाराच्या कडीला अडकवताना तोंडाच्या रेषेत ताणू नका, एवढं पाळाच.

ट्रकचा टायर उलटवायला आणला तर तो ५० किलोच्या आसपास असतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींना १२ मिमीची चार-चार भोकं पाडा. पावसाचं पाणी साचलं तर डेंग्यूचे डास तिथेच पैदास करतात. ड्रिल सावकाश चालवा, आत तारा असतात, बिट अडकून मनगट फिरतं.

भाडेकरू

भिंतीला खिळाही मारायला मालकाची परवानगी नाही आणि वरच्या मजल्यावर काँक्रीट आपटता येत नाही. अशांसाठी काय?

ओळंबा

@भाडेकरू, वाळूची पिशवी करा. नदीची किंवा कृत्रिम वाळू चाळून दोन दिवस उन्हात वाळवा. ओली ठेवली तर कुजट वास येतो आणि वजनही बदलत राहतं. समुद्राची नको, खारेपणामुळे ओल धरते. कोरड्या वाळूचं एक लिटर म्हणजे साधारण १.६ किलो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत ५ किलो भरा, हवा काढून तोंड पिळून टेप मारा, ती दुसऱ्या पिशवीत उलटी घाला, पुन्हा टेप. अशा चार-पाच पुड्या कॅनव्हासच्या किटबॅगेत. प्रत्येक पुडी पाव भाग रिकामी ठेवा, ठासून भरली की शिवण उसवते.

बॅगेचे बंद नुसते कापडाला शिवलेले असतात, तेवढ्यावर विसंबू नका. चांभाराकडून नायलॉनचा पट्टा बॅगेच्या तळाखालून पूर्ण वळसा घालून शिवून घ्या, चौकोन आणि मध्ये फुली अशी शिलाई सांगा.

पाना_पक्कड

आणि खाली जुनी गादी किंवा रबरी मॅट टाका. वाळू फरशी फोडत नाही, पण पिशवीची चेन फोडते.