मार्कचं भाषांतर: वर्षाचं वेळापत्रक कसं लावू?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको कोल्हापुरात राहून राधानगरीकडच्या बोलीत भाषांतर करतो. पुढच्या वर्षी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय. महिन्याला दोन धरले तर 8 महिन्यांत होईल?

उत्तर 1: मसुदा होईल, तपासणी कुठंय? अन् गावात वाचन जुलैत नको; रोपलागणीत कोण बसतंय! सुगीनंतर ठेवा.

उत्तर 2: उलट भाषांतर, म्हणजे बोलीतला मसुदा तपासणाऱ्याला कळेल अशा भाषेत परत आणणं, हे मसुदा आधी न पाहिलेल्याकडून घ्या, नाहीतर पाठ असलेलं वचन भरून तो चूक झाकतो. ‘समजलं का?’ विचारलं की सगळेच हो म्हणतात. ‘नावेत कोण झोपलं होतं?’ असं विचारा.

उत्तर 3: त्या नावेच्या गोष्टीतच, अध्याय 4, वचन 38 ला, अडाल; वादळात शिष्य झोपलेल्या येशूला उठवतात. ‘आम्ही बुडतोय’ म्हटलं की येशू वगळला जातो, ‘आपण’मध्ये तोही बुडतो. ग्रीकमध्ये हा भेदच नाही. आधी ठरवा.