मदत हवी आहे: आयबीएम आय वरील पासवर्ड रीसेटच्या सीएल प्रोग्राममध्ये सुरक्षित बदल कसा करावा?

नमस्कार. आमच्या आयबीएम आय (आयबीएमची व्यावसायिक सर्व्हर प्रणाली, पूर्वीचे एएस/४००) मशीनवर सीएल म्हणजे कंट्रोल लँग्वेज या कमांड-भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम अनेक वर्षांपासून वापरात आहे. एखाद्याचे युजर प्रोफाइल बंद पडले की हेल्पडेस्कचा कर्मचारी त्यात प्रोफाइलचे नाव भरतो आणि प्रोग्राम 'चेंज युजर प्रोफाइल' कमांड चालवून ते पुन्हा सुरू करतो व तात्पुरता पासवर्ड देतो. प्रोग्राम 'स्टार ओनर' पर्यायाने कंपाइल केलेला आहे आणि त्याचा मालक क्यूसेकऑफर, म्हणजे सर्वाधिक अधिकार असलेले सुरक्षा अधिकाऱ्याचे प्रोफाइल, आहे. म्हणजेच तो चालू असेपर्यंत कर्मचाऱ्याला मालकाचे अधिकार मिळतात.

भरलेले नाव कोणाचे आहे, हे मात्र प्रोग्राम तपासतच नाही. चाचणीच्या मशीनवर मी साध्या हेल्पडेस्क प्रोफाइलने क्यूसेकऑफरचाच पासवर्ड बदलून पाहिला आणि तो बदलला. हे तसेच राहू देणे मला योग्य वाटत नाही.

'रिट्रीव्ह युजर प्रोफाइल' कमांडने विशेष अधिकारांची १०० अक्षरांची यादी घ्यावी, १०-१० अक्षरांचे तुकडे तपासावेत आणि 'स्टार ऑलऑब्जेक्ट' (सर्व ऑब्जेक्टवरचा अधिकार) किंवा 'स्टार सेकॲडम' (युजर प्रोफाइल सांभाळण्याचा अधिकार) आढळल्यास नकार द्यावा, असे मी ठरवले होते. परंतु या यादीत त्या प्रोफाइलचे स्वतःचेच अधिकार येतात, गटाकडून मिळालेले येत नाहीत. त्यामुळे मुख्य गट आणि १५ पर्यंत असू शकणारे पूरक गटही त्याच रीतीने तपासावे लागतील.

दुसरी काळजी सोर्सची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखित मजकुराची, आहे. प्रोग्रामच्या माहितीत दिसणारी सोर्सची तारीख आणि सोर्स ज्यात ठेवला आहे त्या मेंबरची (फाइलमधील भागाची) तारीख जुळत नाही, म्हणून हाती असलेला सोर्स खरोखर याच प्रोग्रामचा आहे याची मला खात्री नाही. कंपाइल केलेल्या प्रोग्राममधून सोर्स परत काढणारी 'रिट्रीव्ह सीएल सोर्स' कमांड चालली, तर दोन्हींची ओळीओळीने तुलना करणार आहे. जुना प्रोग्राम आधी सेव्ह फाइलमध्ये (बॅकअपच्या फाइलमध्ये) घेईन. 'रिप्लेस' (जुन्याच्या जागी नवा ठेवणे) पर्यायाने कंपाइल केल्यावर जुनी प्रत क्यूआरपीएलऑब्ज लायब्ररीत जाते, पण आयपीएलच्या (मशीन पुन्हा सुरू होण्याच्या) वेळी ती लायब्ररी रिकामी होत असल्याने तिच्यावर विसंबता येत नाही. आतील सर्व कॉल लायब्ररीच्या नावासह लिहिणार आहे, कारण कोणी लायब्ररी लिस्टमध्ये (प्रोग्राम ज्या क्रमाने लायब्ररींत शोधला जातो त्या यादीत) त्याच नावाचा दुसरा प्रोग्राम वर आणून ठेवला, तर तोही मालकाच्या अधिकारांनी चालेल.

मुख्य प्रश्न मालकाबद्दल आहे. 'चेंज युजर प्रोफाइल'साठी 'स्टार सेकॲडम' आणि संबंधित प्रोफाइलवर वापराचा व ऑब्जेक्ट मॅनेजमेंटचा अधिकार पुरतो. मग क्यूसेकऑफरऐवजी पासवर्ड नसलेले एक वेगळे प्रोफाइल मालक करून, त्याला फक्त सामान्य प्रोफाइल्सवर हे अधिकार दिले, तर माझ्या तपासणीत चूक राहिली तरी सिस्टिम स्वतःच नकार देईल, असे मला वाटते. ही रचना कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? नवे प्रोफाइल तयार होताच हे अधिकार न विसरता देण्याची सोय आपण कशी केली, आणि क्यूसेकऑफरकडून मालकी बदलल्यावर प्रोग्रामचे आधीचे कोणते अधिकार पुन्हा तपासावे लागले, हे कृपया सांगावे.