चिकटवलेल्या लाकडाच्या तुळया मुंबईत टिकतील का?

गिरगावचा रहिवासी: आमच्या चाळीच्या पुनर्विकासात सभागृहाच्या छताला मी ग्लुलॅम सुचवलं. सुकवलेल्या फळ्या तंतूंची दिशा एक ठेवून एकावर एक चिकटवायच्या, त्याची तुळई. सभेत लगेच सूर निघाला, ‘लाकूड? म्हणजे पुन्हा चाळच!’ मला हे अजिबात पटत नाही. नॉर्वेत म्योस्तोर्नेट ही १८ मजली, ८५.४ मीटर उंच इमारत २०१९ पासून अशाच खांब-तुळयांवर उभी आहे. अखंड लाकडात गाठ आली की तिथे ते कमजोर. इथे एका फळीतली गाठ शेजारच्या फळ्या सांभाळून घेतात. वजन काँक्रीटच्या साधारण पाचवा हिस्सा.

दुरुस्तीवाला इंजिनियर: त्याच इमारतीत वरच्या मजल्यांना काँक्रीटचे स्लॅब घातलेत, हलकी पडून वाऱ्याने झुलू नये म्हणून. हलकेपणाची दुसरी बाजूही बघा. ताकदीबद्दल माझं दुमत नाही, पण लाकूड तुटण्याच्या आधी वाकतं. ताठपणा पोलादाच्या सतराव्या-अठराव्या हिश्शाएवढा, त्यामुळे तुळईची उभी जाडी जास्त घ्यावी लागते. ओल लागली तर वर्षानुवर्षं वाकतच राहते.

आणि ओल म्हणजे काय ते मी रोज बघतो. मागच्या पावसाळ्यात एका चाळीत मोरीच्या भिंतीत गेलेलं सागाच्या तुळईचं टोक तपासलं. रंग शाबूत होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत! वारा लागणारा तिचाच मधला भाग मात्र खणखणीत. जर्मनीत बाड राइखेनहालला २ जानेवारी २००६ रोजी आइस रिंकचं लाकडी छत कोसळून १५ माणसं गेली. तिथला युरियाचा गोंद ओलीने निकामी झाला होता.

गिरगावचा रहिवासी: मग दोष गोंदाच्या निवडीचा ना? ओल सोसणारे मेलामाइन, रिसॉर्सिनॉलचे गोंद आहेत. टोक भिंतीत पुरायचंच नाही, लोखंडी बुटावर, म्हणजे भिंतीला लावलेल्या बैठकीवर, मोकळं ठेवायचं.

दादरची काकू: आगीचं काय? आमचा लाकडी जिना डोळ्यांदेखत गेलाय.

दुरुस्तीवाला इंजिनियर: काकू, जाड तुळई पातळ फळीसारखी भडकत नाही. मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर कोळसा होतो, अर्ध्या तासात प्रत्येक उघड्या बाजूने २० च्या आसपास. तेवढं माप आधीच वाढवून धरतात. काळजी जोडावरच्या उघड्या लोखंडी पट्ट्यांची, त्या तापून ढिल्या पडतात. त्या लाकडात दडवाव्या लागतात.

सभागृहाच्या छताला माझी हरकत नाही, वर पाण्याची टाकी येणार नसेल तर. संडास-मोऱ्यांखालच्या मजल्यांना मात्र माझा ठाम विरोध.

गिरगावचा रहिवासी: टाकी नकाशात नेमकी त्याच छतावर दाखवली आहे. रविवारच्या सभेत ती जिन्यावर हलवायला सांगतो.