केमोथेरपीआधी मुलींच्या जननक्षमतेविषयी सांगणे सक्तीचे असावे का?

मूळ मत (एका मुलीची आई):
माझ्या मुलीच्या कमरेच्या हाडात 11व्या वर्षी युइंग सार्कोमा हा हाडाचा कर्करोग निघाला. चौथ्या दिवशी केमोथेरपी सुरू झाली, पुढे किरणोपचार झाले आणि आज ती बरी आहे. हे ऋण मी विसरणार नाही. मात्र सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड ही औषधे आणि ओटीपोटावरचे किरण स्त्रीबीजांचा साठा कायमचा संपवू शकतात, हे आम्हाला कळले ते ती 16 वर्षांची होऊनही पाळी आली नाही तेव्हा. पाळी सुरू न झालेल्या मुलीच्याही बीजांडकोशाचा तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून गोठवता येतो. एका प्रौढ स्त्रीला तिचा गोठवलेला तुकडा परत बसवल्यानंतरचे पहिले बाळ 2004 मध्ये बेल्जियममध्ये जन्मले. पहिल्या सलाइनआधी ही माहिती देणे सक्तीचे करावे.

प्रतिसाद (एका रुग्ण मुलीचा मामा):
ताई, तुमचे दुःख मान्य करूनही मी असहमत आहे. मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयातील उपचारांसाठी भाचीला घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो, तेव्हा जमीन गहाण टाकून आलेले बाप पाहिले. त्यांना आणखी एक शस्त्रक्रिया आणि वर्षानुवर्षांचे साठवणुकीचे शुल्क सांगितले, तर हाती पर्याय येत नाही, फक्त अपराधीपणा येतो. शिवाय भाचीला रक्ताचा कर्करोग होता. त्यात गोठवलेल्या तुकड्यातून रोगाच्या पेशी परत शरीरात जाण्याची भीती असते, आणि नेहमीच्या उपचारांनंतर अशा बहुतेक मुलींची जननक्षमता टिकते, मग सरसकट सर्वांना का घाबरवायचे?

प्रतिसाद (कर्करोग विभागातील परिचारिका):
सरसकट नको, हे मामांचे म्हणणे मला पटते. परंतु अस्थिमज्जा प्रत्यारोपण किंवा ओटीपोटावर किरणोपचार ठरले असतील, तर गप्प राहणे योग्य नाही. वयात आलेल्या तरुणीची बीजे गोठवायची तर इंजेक्शनांचे 10 ते 14 दिवस लागतात, म्हणून विषय निदानाच्या दिवशीच निघायला हवा. काही जणींचे बीजांडकोश किरणांच्या पट्ट्याबाहेर सरकवून ठेवता येतात, हेही पालकांना माहीत नसते.

मूळ मतकर्तीचे उत्तर:
मामा, पैशाअभावी नाही म्हणावे लागले असते तर मी रडले असते, पण मुलीला खरे कारण सांगू शकले असते. आज ती विचारते, "आई, तुला तेव्हा कोणी सांगितले नव्हते का?"

मामांचे उत्तर:
तिचा प्रश्न रास्त आहे. तरीही माझा आग्रह राहील की खर्चाची सोय शासकीय योजनेत आधी व्हावी, सक्ती त्यानंतर.